आमचं नाव जुनं, पण कशावर जुनं?

आमच्या छापखान्याचं नाव ट्रेडमार्क म्हणून, म्हणजे कायद्याने आपलं चिन्ह म्हणून, नोंदवायला गेलो आणि एका बड्या कंपनीने विरोध केला, त्याची ही हकीकत. आधीच सांगतो, त्या कंपनीचं नाव या लिखाणात येणार नाही. तडजोडीच्या करारात गोपनीयतेचं कलम आहे. आमच्या प्रेसचं नावही येणार नाही, कारण एक कळलं की दुसरं ओळखायला वेळ लागत नाही. ठाण्याच्या नौपाड्यात आमचा छापखाना १९८४ पासून आहे, अण्णांनी तो एका ट्रेडल मशीनवर, म्हणजे खिळे जुळवून छापायच्या जुन्या यंत्रावर, सुरू केला, आणि जगातल्या बड्या टेक कंपन्यांपैकी एकीच्या एका सेवेचं नाव कानाला आमच्यासारखंच लागतं, एवढं कळलं तरी पुरे. ती सेवा बाजारात आली तोवर आम्ही ट्रेडल विकून ऑफसेटवर गेलो होतो.

ट्रेडमार्कची गरज पडली ती ॲपमुळे. २०२० मध्ये लग्नं पन्नास माणसांत उरकली जाऊ लागली आणि पत्रिकेचं काम जवळजवळ बंद पडलं. भाचा घरीच बसून होता. त्याने एक ॲप केलं: मजकूर टाका, नमुना निवडा, प्रूफ मोबाईलवर बघा, हवं तर नुसती व्हॉट्सॲपवर पाठवायची पत्रिका घ्या, हवं तर छापून घ्या. अण्णांचा याला विरोध होता, पण प्रूफ लोक घरी बसून तपासतात आणि 'आजोबांचं नाव चुकलं' म्हणून आपल्या अंगावर येत नाहीत हे पाहिल्यावर तेही निवळले. पुढे डोंबिवली-बदलापूरकडचे दोन-तीन प्रेसवाले म्हणाले, आम्हालाही हे वापरायला द्या. तेव्हा भाचा म्हणाला, मामा, आता नाव रजिस्टर करून घे.

चरईत बसणाऱ्या एका वकील मॅडमकडे गेलो. ट्रेडमार्कच्या कामात माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग असतात, आणि अर्ज नावाचा असला तरी नाव वर्गागणिक मागायचं, हे तिथे कळलं. छापील माल १६ व्या वर्गात, छपाईची सेवा ४० व्या, डाउनलोड करायचं ॲप ९ व्या, आणि ते सॉफ्टवेअर दुसऱ्यांना सेवा म्हणून द्यायचं तर ४२ व्या. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असल्यामुळे ऑनलाइन अर्जाला वर्गामागे ४,५०० रुपये, नाहीतर दुप्पट. मॅडमनी प्रत्येक अर्जासाठी एकच प्रश्न विचारला, "वापर कधीपासून?" १६ आणि ४० ला मी १९८४ सांगितलं, ९ आणि ४२ ला २०२०. त्यांनी तसं लिहून घेतलं. पुढचं सगळं भांडण त्या दोन तारखांच्या मधल्या जागेत व्हायचं होतं.

पहिल्या टप्प्यावर फार वेळ घालवत नाही. काही महिन्यांनी ट्रेडमार्क खात्याचा परीक्षण अहवाल आला. छपाईच्या सेवेवर काही आक्षेप नव्हता, ९ आणि ४२ वर होता: ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ११ खाली, म्हणजे आधीच्या चिन्हाशी साम्य म्हणून, त्या कंपनीची आधीची नोंदणी दाखवली होती. पोर्टलवर 'ऑब्जेक्टेड' असा शेरा दिसला की लोक घाबरतात. तो खात्याचा स्वतःचा आक्षेप असतो, एक महिन्यात उत्तर द्यायचं असतं, आणि निम्मी गाडी तिथेच मार्गी लागते. आमचीही लागली. अर्ज स्वीकारले गेले आणि ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आले. हे जर्नल दर सोमवारी निघतं. छापून आल्यापासून चार महिने कोणालाही विरोध नोंदवता येतो. ही मुदत वाढत नाही. ४० व्या वर्गातला अर्ज चार महिने कोणाच्या नजरेत न येता पार झाला आणि प्रमाणपत्रही आलं.

बाकीच्या तिघांवर मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात विरोध दाखल झाला. ९ आणि ४२ समजू शकतो. १६ वरही, म्हणजे छापील कागदावर.

आता पोर्टलवरचा शेरा 'ऑपोज्ड' झाला आणि हा शब्द खरोखर घाबरण्याजोगा आहे. विरोधाची नोटीस खात्याकडून ई-मेलने येते, आणि नियम असा की ई-मेल पाठवला त्या क्षणी ती तुम्हाला मिळाली असं धरलं जातं. तिथून दोन महिन्यांत उत्तर, म्हणजे काउंटर स्टेटमेंट, गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं मानतात. तुमचं म्हणणं कितीही खरं असो, ते कोणी वाचतसुद्धा नाही. अर्जात पत्रव्यवहाराचा पत्ता म्हणून बहुतेक वेळा अर्ज भरून देणाऱ्या एजंटचा ई-मेल असतो. एजंटने जागा बदलली, मेलबॉक्स भरला, मेल नको त्या फोल्डरमध्ये पडला, तरी मुदत पळतच असते. आमच्या बाजारपेठेतल्या एका मसालेवाल्याचा अर्ज असाच गेला. मोठ्या कंपन्यांना छोट्यांविरुद्ध कितीतरी वेळा कोर्टापर्यंत जावंच लागत नाही, ते यामुळे.

नोटीस जाडजूड होती. ती कंपनी कोणकोणत्या देशांत आहे, कुठे कुठे नोंदणी आहे, किती वापरकर्ते, किती बक्षिसं. शेवटाकडे एक परिच्छेद होता की अर्जदाराने हे चिन्ह अप्रामाणिक हेतूने, आमच्या नावलौकिकाचा फायदा उठवण्यासाठी घेतलं आहे. अण्णांनी मला तो परिच्छेद मराठीत सांगायला लावला. ते ऐंशीच्या घरात आहेत. छपाईचे बारीक खिळे जुळवण्यात त्यांची नजर अधू झाली, पण कान शाबूत आहेत. ऐकून म्हणाले, "आपण नाव ठेवलं तेव्हा ही कंपनी होती का?" नव्हती. "मग उचललं कोणी कोणाचं?"

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "काका, हा परिच्छेद प्रत्येक नोटिशीत असतो. तुमचा प्रेस कुठे आहे हे लिहिणाऱ्याने बघितलेलंसुद्धा नसेल." मोठ्या कंपन्या जर्नलवर पाळत ठेवायला माणसं आणि सॉफ्टवेअर नेमतात, नाव जुळलं की विरोध ठोकतात. त्यालाही कायद्यातच कारण आहे. कलम ३३ म्हणतं की तुमच्या चिन्हासारखं दुसरं नोंदलेलं चिन्ह वापरात आहे हे माहीत असून सलग पाच वर्षं गप्प बसलात, तर नंतर तक्रार करण्याचा हक्क जातो. म्हणून ते गप्प बसत नाहीत. हे कळल्यावर माझा राग कमी झाला नाही, उलट वाढला. आपल्याशी कोणी वैर धरलं असतं तर परवडलं असतं. इथे तर आपण कोणाच्या तरी सोमवारच्या कामाच्या यादीतली एक ओळ होतो.

काउंटर स्टेटमेंट म्हणजे त्यांच्या प्रत्येक परिच्छेदाला कबूल किंवा नाकबूल. सरकारी फी वर्गामागे २,७०० रुपये. ते वेळेत गेलं. पुढे पुराव्याची पाळी: आधी त्यांचा, दोन महिन्यांत, मग आमचा, दोन महिन्यांत, मग उत्तरादाखल त्यांचा, एका महिन्यात. सगळं प्रतिज्ञापत्रावर.

आणि इथे आमची पंचाईत झाली. १९८४ पासूनचा वापर दाखवायचा कशाने? जुनी बिलबुकं, विक्रीकराचे कागद, गुमास्ता लायसन्सच्या प्रती सगळ्या दुकानाच्या मागच्या खोलीत खालच्या फळीवर होत्या, आणि २६ जुलै २००५ ला तिथे कमरेएवढं पाणी होतं. उरलं ते त्यानंतरचं. २००५ नंतरचा वापर दाखवूनही काम भागलं असतं कदाचित, पण कलम ३४ खाली आधीपासून वापरणाऱ्याला संरक्षण मिळतं ते समोरच्याचा वापर किंवा त्याची नोंदणी, यात जे आधीचं असेल त्याच्याही आधीपासून तुमचा अखंड वापर असेल तर. शंकेला जागा ठेवायची नाही, असं मॅडमचं म्हणणं.

उपाय अण्णांनीच सुचवला. "आपण आपलं नाव लोकांच्या घरात छापून ठेवलंय की." छापखान्याचं नाव छापील वस्तूवर असतंच. १८६७ च्या कायद्याने पुस्तकांवर आणि नियतकालिकांवर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण घालणं सक्तीचं होतं. त्या सवयीने अण्णा प्रत्येक गोष्टीवर, अगदी हळदीकुंकवाच्या कार्डावरही, खाली डाव्या कोपऱ्यात बारीक टाइपात प्रेसचं नाव आणि 'ठाणे' घालत. बिलबुक बुडालं तरी त्याच्या बदल्यात दिलेला माल गावभर पसरलेला होता.

मग शोध सुरू झाला. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं, तिथे जुन्या स्मरणिका सापडल्या. दोन गणेशोत्सव मंडळांनी अहवाल काढून दिले. त्यांतल्या एका अहवालात जमाखर्चातच 'छपाई' या सदरात आमच्या प्रेसचं नाव आणि रक्कम होती. मॅडमना तो कागद इतका आवडला की त्यांनी त्याची झेरॉक्स स्वतःच्या फाइलला लावली. एका हौशी नाट्यसंस्थेकडे गडकरी रंगायतनच्या प्रयोगांची माहितीपत्रकं होती. अण्णांच्या जुन्या जुळाऱ्याच्या मुलीने बायंडिंगसाठी आलेले आणि परत न नेलेले शाळेचे वार्षिक अंक आणून दिले.

पण सगळ्यात कामी आल्या त्या लग्नपत्रिका. बायकोने तिच्या भिशीच्या ग्रुपवर विचारलं, तुमच्याकडे कोणाची आमच्याकडे छापलेली पत्रिका आहे का? लोक काय काय जपून ठेवतात! कळव्याच्या एका काकूंनी त्यांची १९९१ ची पत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली आणि परत मिळेल ना, हे किती वेळा विचारलं याला गणती नाही. पत्रिकेवर तारीख असते, ठिकाण असतं, खाली प्रेसचं नाव असतं. मॅडम म्हणाल्या, पुरावा म्हणून याहून चांगला कागद मी कॉर्पोरेट क्लायंटकडे पाहिलेला नाही. एक-दोन पत्रिकांवर इसवी सन नव्हता, नुसतं शालिवाहन शकाचं वर्ष होतं. शके १९०८ म्हणजे १९८६, हे प्रतिज्ञापत्रात वेगळं समजावून लिहावं लागलं. आणि मराठी कागद असल्यामुळे प्रत्येकाचं इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर साक्षांकित करून जोडावं लागतं, त्याचा खर्च सरकारी फीपेक्षा कितीतरी अधिक झाला. मग कोर्टनाक्यावर नोटरी.

पुरावा दाखल झाला आणि आम्ही हवेत होतो. अण्णा तर जिंकल्यासारखेच बोलत होते. त्याच सुमारास, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, पुण्याच्या 'बर्गर किंग'चा निकाल पेपरात आला. अमेरिकी कंपनीने पुण्यातल्या त्याच नावाच्या, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासूनच्या हॉटेलावर दावा लावला होता, तो जिल्हा न्यायालयाने फेटाळला. अण्णांनी कात्रण काढून मॅडमना पाठवलं. मॅडमनी फोन करून दोन गोष्टी सांगितल्या. एक, तो दावा २०११ चा होता, म्हणजे निकालाला तेरा वर्षं लागली. दुसरी, तिथे दोघंही बर्गरच विकत होते. (पुढे ते प्रकरण हायकोर्टात आणि तिथून सुप्रीम कोर्टात गेलंच.) दुसऱ्या मुद्द्यावर त्यांनी आम्हाला ऑफिसात बोलावून घेतलं.

त्या दिवशी त्यांनी जे समजावलं ते मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. नावाचं वय नावाला मिळत नाही, ते ज्या मालावर नाव लावलं त्या मालापुरतं मिळतं. १९८४ ही तारीख कागदाची आणि छपाईची. ॲपची तारीख २०२०. आणि २०२० मध्ये ती कंपनी भारतात घराघरात होती. टोयोटाच्या 'प्रियस' या गाडीच्या नावाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये देशी उत्पादकाच्या बाजूने निकाल दिला तो याच तर्काने: परदेशात तुम्ही कितीही प्रसिद्ध असा, देशी माणसाने नाव घेतलं त्या वेळी इथे तुमचा लौकिक होता का, ते दाखवा. ते त्यांना दाखवता आलं नाही. आमच्या प्रतिस्पर्ध्याला १६ व्या वर्गात ते दाखवता आलंच नसतं, पण ९ व्या वर्गात दोन मिनिटांत दाखवता आलं असतं.

त्यांनी आणखी एक उदाहरण दिलं. अमेरिकेत एका जॅझ वादकाने ॲपलशी लढून २०२३ मध्ये अपील जिंकलं. तो १९८५ पासून 'ॲपल जॅझ' नावाने कार्यक्रम करत होता. ॲपलने 'ॲपल म्युझिक'साठी बीटल्सच्या कंपनीकडून घेतलेल्या जुन्या चिन्हाची १९६८ ची तारीख पुढे केली. न्यायालय म्हणालं, ती तारीख रेकॉर्डसाठी आहे, प्रत्यक्ष कार्यक्रमांसाठी नाही. एका मालाचं वय दुसऱ्याला चिकटवता येणार नाही. ऐकायला किती गोड! पण तोच न्याय आमच्याकडे लावला तर पत्रिकेचं वय ॲपला चिकटवू बघणारे आम्हीच होतो.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे कागदावर आपण मोठे, मोबाईलवर ते."

"साधारण तसंच," मॅडम म्हणाल्या. त्यात आणखी एक भर होती. फार प्रसिद्ध चिन्हाला माल वेगळा असला तरी संरक्षण मिळू शकतं. २०२२ मध्ये दिल्ली हायकोर्टाने एका बेकरीला 'फेसबेक' हे नाव वापरायला कायमची मनाई केली. केकचा आणि सोशल मीडियाचा संबंध काय, हा प्रश्न तिथे चालला नाही. आमचं तसं नव्हतं, आमचं नाव कोणाची नक्कल नव्हती. उलट बाजूचे निकालही आहेत. 'फोनपे'ला 'भारतपे'मधल्या 'पे'वर मक्तेदारी सांगता आली नाही, 'बुकमायशो'ला 'बुकमायस्पोर्ट्स' थांबवता आलं नाही. पण ट्रेडमार्क खात्यात जिंकलो तरी अपील हायकोर्टात जाणार, कारण मधलं न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं आहे. आणि हायकोर्टात त्यांचे वकील आणि आमच्या मॅडम एका तराजूत बसणारे नव्हते. हे त्यांनीच सांगितलं. त्यांच्याबद्दल माझं मत सर्वांत चांगलं त्या वाक्याने झालं.

तडजोडीचा पहिला शब्द आमच्याकडून गेला. समोरच्या वकील बाई व्हिडिओ कॉलवर आल्या, अतिशय सभ्य, आणि हे कबूल करायला हवं की पुराव्याची फाइल त्यांनी खरोखर वाचली होती. १६ व्या वर्गावरचा विरोध मागे घेऊ, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. लग्नपत्रिकांपुढे त्यांना बोलायला जागा नव्हती. ४२ वा वर्ग सोडा, असं त्या म्हणाल्या. भाच्याला ते जड गेलं, कारण इतर प्रेसना ॲप देण्याचा बेत त्यात होता. पण त्या धंद्यातून तोवर फारसं काही येत नव्हतं, आणि ते दुसऱ्या नावाने करता येतं. सोडला.

खरी ओढाताण ९ व्या वर्गातल्या एका वाक्यावर झाली. आमच्या अर्जात 'डाउनलोड करण्याजोगे सॉफ्टवेअर व मोबाईल ॲप' असं मोघम लिहिलेलं होतं. मोघम वर्णन म्हणजे अख्ख्या जगाच्या सॉफ्टवेअरवर हक्क सांगितल्यासारखं, म्हणून त्यांची माणसं बिथरली होती. शेवटी ठरलं: 'लग्नपत्रिका, अहवाल व तत्सम छपाईच्या कामाचा मजकूर तयार करणे, प्रूफ पाहणे व मागणी नोंदवणे यासाठीचे ॲप.' 'तत्सम' हा शब्द राहावा म्हणून मॅडम जितक्या भांडल्या तितकं बाकी कशासाठीही भांडल्या नाहीत. आयकॉनवर नाव एकटं घालायचं नाही, सोबत 'प्रेस, ठाणे' हवं. त्यांच्या रंगाच्या जवळपासची छटा वापरायची नाही. आम्ही त्यांच्या नोंदणीला कधी हरकत घ्यायची नाही. वेबसाइटचा पत्ता आमच्याकडे राहील. करार वारसांना आणि प्रेस विकला तर घेणाऱ्यालाही लागू राहील, हे कलम मॅडमनी घातलं. ते नसतं तर पुढच्या पिढीला हेच सगळं पुन्हा करावं लागलं असतं.

आयकॉन बदलायचा म्हटल्यावर भाचा फुरंगटला होता. मॅडमनी त्याला अमेरिकेतल्या 'प्रीपेअर' या छोट्या ॲपची गोष्ट सांगितली. त्यांच्या बोधचिन्हातल्या नासपतीवर ॲपलने २०२० मध्ये विरोध नोंदवला, बराच गवगवा झाला, लाखो लोकांनी ऑनलाइन सह्या केल्या, आणि शेवटी मिटलं ते नासपतीच्या पानाचा आकार थोडा बदलून. भाच्याने दुसऱ्या दिवशी नवा आयकॉन करून आणला. खरं तर तो आधीच्यापेक्षा बरा आहे.

अर्जातली दुरुस्ती दाखल झाली, विरोध मागे घेतले गेले, प्रमाणपत्रं ई-मेलने आली. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं, म्हणजे आमची २०३२ पर्यंत. नाव नोंदलेलं नसताना वर्तुळातला 'आर' लावायला कायद्याने मनाई आहे, म्हणून अण्णांनी इतके दिवस दम धरला होता. आता तो डाव्या कोपऱ्यातल्या बारीक ओळीतही शिरला आहे. इतक्या लहान टाइपात तो नीट उमटत नाही, पण ते ऐकत नाहीत. कळव्याच्या काकूंची पत्रिका त्यांना परत पोचती केली, सोबत एक रंगीत प्रत छापून.

मॅडमच्या फीमध्ये आता जर्नलवर लक्ष ठेवणंही धरलेलं आहे. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. साताऱ्याकडच्या एका फ्लेक्सवाल्याने ४० व्या वर्गात आमच्याच नावाचा अर्ज केला आहे, मागे फक्त 'डिजिटल' लावलंय. विरोध करायचा का? अण्णा म्हणाले, करा. मी म्हटलं, आधी त्याला साध्या मराठीत पत्र लिहा, गावाचं नाव जोडशील का म्हणून विचारा. पत्र गेलं आहे. त्याचं उत्तर आलेलं नाही, आणि चार महिन्यांतले किती उरले ते मॅडम दर सोमवारी कळवतात.